पाय : निरंक

साप लांबीनं कमी होतो, हा शोध मी एका रविवारी सकाळी सव्वादहा वाजता लावला. पुढे तो साफ चुकीचा निघाला. पण शोध चुकला म्हणून शोधणाऱ्याची मेहनत खोटी ठरत नाही, असं माझं मत आहे, आणि आमच्या घरात ते माझं एकट्याचंच आहे.

साप लेकीचा. अजगराच्या कुळातला, पण कुळाच्या मानानं आटोपशीर; स्वभावानं असा शांत की त्याच्यापुढे उशीसुद्धा चळवळी वाटावी. तिनं त्याचं नाव ठेवलं मामा. कारण हिचा भाऊ आमच्याकडे आला की एकदा पोटभर जेवतो आणि मग दहा दिवस कुशीवरून हलत नाही. ही म्हणजे माझी बायको. त्या नावावरून हिनं लेकीशी चार दिवस अबोला धरला, आणि सापाशी पाच वर्षं. त्याच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत हिनं पाऊल टाकलं नाही. फ्रिजरमध्ये मामांचे गोठवलेले उंदीर एका डब्यात असत, त्या डब्यावर हिनं स्वतःच्या हातानं चिठ्ठी लावली होती, 'माझा संबंध नाही'.

लेकीला परगावी नोकरी लागली. तिथल्या घरमालकीणबाई सापाला तयार होत नव्हत्या, त्यांचं मन वळवायला तिला दोन महिने हवे होते. निघताना दारात चप्पल घालता घालता ती म्हणाली, "बाबा, मामाला तुमच्यावर सोपवतेय. आईवर नाही, तुमच्यावर." मी छत्तीस वर्षं भूमापन खात्यात नकाशे काढले. सरकारनं माझ्यावर नद्या सोपवल्या, टेकड्या सोपवल्या, दोन गावांमधले भांडणाचे बांध सोपवले. पण असं चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता, इतक्या भरवशानं कोणी काही सोपवलं नव्हतं. जिना उतरणाऱ्या तिच्या पावलांचा आवाज संपेपर्यंत मी दारात उभा होतो. मग आत आलो आणि वही आखायला घेतली.

तारीख, वार, आहार, पाणी, जाडी, लांबी, शेरा. सात रकाने. दर रविवारी सकाळी सव्वादहाला नोंद.

आता मोजमाप घ्यायचं तर अंगाला हात लावणं आलं, आणि हात लावण्याइतकी आमची ओळख झालेली नव्हती. जाडीचा प्रश्न मी बाहेरूनच सोडवला. मामा काचेला चिकटून झोपले की काचेवरून पट्टी धरायची आणि मानेपाशी, मध्यावर आणि शेपटीकडे अशी तीन मापं घ्यायची. लांबीचा प्रश्न मामांनी सोडवला. पहिल्याच रविवारी त्यांनी कात टाकली. सकाळी बघतो तर पाण्याच्या वाटीशेजारी ती पडलेली, जशी कुणी पहाटेच्या धुक्याची बाही शिवावी आणि घाईत उसवून टाकावी. मामा दुसऱ्या कोपऱ्यात नवे कोरे होऊन बसले होते. मी चिमट्यानं कात उचलली, जेवणाच्या टेबलावर पसरून मोजली. एकशे बासष्ट सेंटिमीटर. शिंप्याकडे माणूस नेला काय किंवा त्याचा जुना सदरा नेला काय, माप तेच. मी लांबीच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात १६२ लिहिलं आणि टेबल तीनदा पुसलं. ही ते चौथ्यांदा पुसत होती.

त्यानंतरचे चार रविवार मामा असे वेटोळे घालून बसत की लांबी घेणं शक्य नव्हतं. जाडीची मापं मात्र मी सोडली नाहीत. आहाराच्या रकान्यात 'नाकारला' असं तीनदा लिहावं लागलं. शेऱ्यात एकदा लिहिलं आहे, 'आज पोट वर करून झोपले. शिस्त बिघडत चालली आहे.'

सहाव्या रविवारी मामा काचेलगत सैल पसरले होते, संथ, वळणावळणानं, पावसाळा सरल्यावर नदी पसरते तसे. माझ्यातला जुना नकाशेवाला जागा झाला. नकाशावर वाकडी नदी कशी मोजतात? ओला दोरा तिच्या वळणांवरून अलगद ठेवत जायचा आणि मग तो सरळ करून पट्टीला लावायचा. मी हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, ओला केला, काचेवर मामांच्या प्रत्येक वळणावर चिकटवत नेला. दोरा सरळ केला. एकशे चौतीस.

पुन्हा मोजलं. एकशे चौतीस.

पाच आठवड्यांत मामा अठ्ठावीस सेंटिमीटरनं आक्रसले होते. आणि लेक पुढच्या रविवारी त्यांना न्यायला येणार होती, घरमालकीणबाईंनी होकार दिला होता. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "मामा कसाय?" मी म्हणालो, "ठीक." छत्तीस वर्षांच्या नोकरीत केली नाही ती खोटी नोंद मी त्या एका शब्दात केली.

बातमी इमारतीत पसरली. हिनं फक्त वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं होतं, म्हणजे सगळ्यांनाच सांगितलं होतं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त बँडमास्तर राहतात. साप मोजण्यात माझी चूक झाली असावी ही शक्यता त्यांनी सुचवली नाही, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. त्यांच्या मते दोष श्वासाचा होता. लांब देहाला लांब श्वास लागतो, तो सरावानं येतो, आणि रोज सकाळी ते क्लॅरिनेट घेऊन यायला तयार होते. काकूंनी मात्र दारातूनच मान हलवली. म्हणाल्या, पोरगी गेल्यापासून झुरतोय तो. जीव लावला होता त्यानं. माणूस नाही का झुरून लहान होत?

हे मला पटलं. पटण्याचं कारण मी त्यांना सांगितलं नाही. लेक गेल्यापासून आमचं जेवण पाव तासात उरकत होतं, आणि टेबलाच्या रिकाम्या बाजूला आम्ही वर्तमानपत्र ठेवायला लागलो होतो. मोजायला दोरा नव्हता एवढंच, नाहीतर घरात तिघंही थोडे थोडे आक्रसलोच होतो.

सोमवारी मी मामांना घेऊन आमच्या चौकातल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात जायचं ठरवलं. सापाला सुती अभ्र्यात घालून गाठ मारून न्यायचं, असं लेकीनं लिहून ठेवलेलं होतं. मी कपाटातला जुना, विटका अभ्रा काढला. ही उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि परत आली ती स्वतःच्या हातानं मोर भरलेला अभ्रा घेऊन, जो आम्ही पाहुण्यांनाही देत नाही. म्हणाली, लोकांमध्ये न्यायचाय, निदान नीट न्या. सापाला मोराच्या पोटात घालून नेणं कितपत बरं दिसेल, हे बोलायची ती वेळ नव्हती. मामांना उचलून आत घालायला मला चाळीस मिनिटं लागली. त्यातली अडतीस मनाच्या तयारीची. हातात आले तेव्हा कळलं की ते थंड नसतात, ओलेही नसतात. उन्हात वाळलेल्या रेशमासारखे लागतात. मी ही नोंद शेऱ्यात केली आणि मग खोडली. शेऱ्यात काव्य नसावं.

चौकातले डॉक्टर मोठे नावाजलेले. भिंतीवर बारक्या केसाळ कुत्र्यांचे फोटो, त्यांच्या गळ्यात रिबिनी. अभ्र्यात काय आहे असं त्यांनी हसत विचारलं, मी गाठ सैल केली, मामांनी मोराच्या पिसाऱ्याखालून तोंड बाहेर काढलं. डॉक्टर खुर्चीवर चढले. खुर्चीवर उभ्याउभ्याच अतिशय सभ्य आवाजात त्यांनी सांगितलं की आजपासून ते रजेवर आहेत. बाहेर सात कुत्री ताटकळत होती, त्यांना हे माझ्यामुळे कळलं. त्यांच्या मालकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन मी करणार नाही. मी मामांना घेऊन ताठ मानेनं बाहेर पडलो आणि पायपुसण्यात अडखळलो.

मंगळवारी सरकारी पशुचिकित्सालय. लांबलचक कौलारू इमारत, चुन्याचा आणि चाऱ्याचा वास, एक खिडकी, खिडकीपुढे रांग. माझ्यापुढे एक शेळी, मागे टोपलीत मांजर घेतलेल्या आजी. ते वातावरण पाहून मला इतकं घरच्यासारखं वाटलं की डोळे भरून आले. खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेले एक कारकून होते. त्यांनी छापील अर्ज पुढे केला. प्राण्याचा प्रकार, रंग, शिंगे असल्यास वर्णन, पायांची संख्या.

मी थांबलो. मी म्हणालो, याला पाय नाहीत. कारकून म्हणाले, अपघात? मी म्हणालो, जन्मतःच. त्यांनी अभ्र्याकडे पाहिलं, मोराकडे पाहिलं, आणि शेवटी मीच सांगितलं, साप आहे. रांग एकदम चार पावलं मागे गेली. फक्त आजी जागच्या हलल्या नाहीत; त्यांना ऐकू कमी येत असावं, नाहीतर त्या फार मोठ्या मनाच्या असाव्यात.

कारकून मात्र घाबरले नाहीत. त्यांची अडचण वेगळी होती. पायांचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, वरून अर्ज परत येतो. इथे येणाऱ्या सगळ्यांना चार असतात, कोंबड्यांना दोन. त्यांनी माझी कीव केली आणि आवाज खाली आणून सुचवलं की चार लिहून टाका, आत कोण मोजतंय.

आता मला पुढे जायची घाई होती. मामा अभ्र्यात जड होऊन पडले होते, रविवार पाच दिवसांवर आला होता. चार लिहिलं असतं तर काम झालं असतं. पण ज्यानं कागदावर कधी नसलेला बांध दाखवला नाही, त्यानं नसलेले पाय दाखवायचे? आणि तेही ज्याच्या नावानं परवाच एक खोटी नोंद केली होती त्याच्याच अर्जावर? मी पेन उघडलं आणि त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'निरंक'.

कारकुनांनी अर्ज उचलला. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले.

"सरकारी नोकरीत होतात?"

"भूमापन. छत्तीस वर्षं."

ते उठून उभे राहिले. मला वाटतं त्या खिडकीत ते बऱ्याच वर्षांनी उभे राहिले असावेत, कारण खुर्ची त्यांच्याबरोबर थोडी उठली. त्यांनी स्वतः माझ्याबरोबर वजनकाट्यापर्यंत यायचं ठरवलं. काटा बैलांचा. मामांना ठेवलं, काटा हलला नाही. कारकुनांनी मोठ्या उत्साहानं वजनाच्या रकान्यातही निरंक लिहायला घेतलं, तेव्हा मी त्यांचा हात धरला. म्हणालो, वजन आहे त्यांना, तुमच्या काट्याला दिसत नाही एवढंच. ते ओशाळले. मग म्हणाले, मागे गोठ्याकडे एक डॉक्टरीणबाई आहेत, गाईगुरं बघतात, पण शिकत असताना त्यांनी साप पाळले होते असं ऐकतो. आणि अर्जावर तांबड्या शाईनं 'तातडी' असा शेरा मारला.

बाई गोठ्यात होत्या. गुडघ्यापर्यंत बूट, कोपरापर्यंत बाह्या, शेजारी एक बैल शून्यात बघत उभा. त्यांनी मामांना अभ्र्यातून असं काढलं जसं आपण धुतलेला टॉवेल बादलीतून काढतो. मी वही उघडून निवेदन केलं: पाच आठवड्यांत अठ्ठावीस सेंटिमीटर घट.

"पहिली लांबी कशी घेतलीत, काका?"

"कातीवरून."

बाई आधी खोकल्या. मग पेंडीच्या पोत्यावर बसल्या आणि डोळे पुसत हसल्या. कात उतरताना ताणली जाते म्हणाल्या, घट्ट ओला मोजा पायातून ओढून काढा आणि मग मोजून बघा. मामा पहिल्यापासून एकशे चौतीसच होते. बैलानंही माझ्याकडे वळून पाहिलं. छत्तीस वर्षं, आणि नदी सोडून मी नदीचा सदरा मोजला होता. मी वही मिटायला लागलो.

बाईंनी ती मिटू दिली नाही. त्या पानं उलटत होत्या, आणि हसणं हळूहळू थांबत गेलं.

"हे शेपटीकडच्या जाडीचं माप कोणी घेतलंय?"

"मीच. दर रविवारी, सव्वादहाला."

त्यांनी मामांच्या पोटावरून बोटं फिरवली, सावकाश, जपमाळेचे मणी ओढावेत तशी. "काका, हे मामा नाहीत. मामी आहेत. पोटात अंडी आहेत."

पाच वर्षं काचेच्या पेटीत एकटं राहिलेलं जनावर. आमच्या घराण्याच्या अब्रूचा विचार माझ्या मनात आला हे मी नाकारत नाही. बाई म्हणाल्या, कोंबडीसारखंच असतं, नर लागतोच असं नाही. पिल्लं निघायची नाहीत, पण अंडी बाहेर यावी लागतात, आत अडकली की जीव जातो. कात टाकल्यावर साधारण महिन्यानं घालतात. तारीख माहीत असेल तर उशीर झालाय की नाही ते कळतं, पण लोकांना कातीची तारीख कधी माहीतच नसते.

मी वहीच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं. जिथं १६२ लिहिलं होतं, तिथंच.

बाईंनी बोटांवर दिवस मोजले. सदतीस. "बरं झालं आणलंत," त्या म्हणाल्या. "अजून आठवडाभर घरी बसला असतात तर पोट उघडल्याशिवाय मार्ग नव्हता." त्यांनी इंजेक्शन दिलं, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवलं, आणि घरी काय करायचं ते सांगितलं. अंधारा, उबदार, ओलसर डबा, आत जायला लहानसं तोंड, आणि शांतता. शुक्रवारी दुपारपर्यंत अंडी आली नाहीत तर ऑपरेशन.

दवाखान्याबाहेरच्या बाकावरून मी लेकीला फोन केला. लपवायचं आता काही उरलं नव्हतं, आणि उरलं असतं तरी माझ्याच्यानं लपवलं गेलं नसतं. कात, दोरा, खुर्चीवर चढलेले डॉक्टर, अंडी, शुक्रवार, सगळं सांगितलं. परवा मी ठीक म्हणालो ते खोटं होतं, हेही सांगितलं. मग तिचा आवाज आला, जरा भरलेला.

"बाबा, तुम्ही मामाला हातात घेतलंत?"

"घ्यावं लागलं."

"तुम्ही झुरळ दिसलं तरी मला हाक मारायचात." त्यानंतर फोन दोघांनीही बराच वेळ ठेवला नाही.

घरी ही दारातच उभी होती. मी सांगितलं. पाच वर्षांचा अबोला कसा मोडेल याची मी अनेकदा कल्पना केली होती, पण हिनं माझ्या हातातून अभ्रा घेतला आणि सरळ उंबरा ओलांडून खोलीत गेली, इतकं सोपं काही माझ्या कल्पनेत नव्हतं. "पोटुशी आहे ती," ही म्हणाली, "आणि तिला तुम्ही बसच्या धक्क्यांतून फिरवताय." पुढच्या अर्ध्या तासात हिच्या विणकामाच्या मोठ्या डब्यातली लोकर पलंगावर आली, डब्याला गरम सुरीनं तोंड पडलं, आत ओले पंचे गेले. बँडमास्तर क्लॅरिनेट घेऊन वर आले होते, त्यांना जिन्यावरूनच परत पाठवण्यात आलं. काकूंना आत यायची परवानगी मिळाली, पण बोलायची नाही. इमारतीच्या इतिहासात असं पूर्वी घडलेलं नाही. फ्रिजरमधल्या डब्यावरची चिठ्ठीही बुधवारी दिसेनाशी झाली.

गुरुवारी दुपारी मला त्या खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं. ही डब्याशेजारी फरशीवर बसली होती, लोकर गुंडाळत.

*बाई माझ्या दारी, वळणाची नदी गं,*
*पाय नाही तिला, तरी आली घरी गं.*
*बाई माझ्या घरी, निजली उशाशी,*
*हात नाही तिला, काय धरील उराशी?*

मी हळूच सांगितलं की सापांना गाणं आपल्यासारखं ऐकू येत नाही, असं बाई म्हणाल्या. "तुम्हाला तरी कुठं येतं," ही म्हणाली. "पस्तीस वर्षं बोलतेच आहे ना मी?" आणि पुढची लडी हातात घेतली.

शुक्रवार उजाडला. डब्यात हालचाल नव्हती. साडेदहा झाले, अकरा झाले. मी मोराचा अभ्रा घडी घालून तयार ठेवला, अर्जाची पावती खिशात टाकली, बुटांच्या नाड्या बांधायला बसलो. एका नाडीची गाठ मला जमेना. तेवढ्यात आतून हिची हाक आली. मोठ्यानं नव्हे, झोपलेल्या बाळाच्या खोलीतून मारतात तशी.

"अहो. वही आणा."

डब्याच्या अंधारात पाच अंडी होती. पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली. आणि मामांनी, म्हणजे मामींनी, आपला सगळा देह, एकशे चौतीस सेंटिमीटर, एक इंचही हातचा न राखता, त्यांच्याभोवती गुंडाळला होता. हिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओवीतल्या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांसमोर होतं. मी वेळ लिहिली, अकरा वाजून वीस मिनिटं. संख्या, पाच. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी उन्हात वाळलेल्या रेशमाची ती खोडलेली नोंद मी पुन्हा लिहिली.

लेक रविवारी आली. आल्या आल्या मामींकडे गेली, मग वही घेऊन खिडकीत बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिनं सोबत नेण्यासाठी पेटी आणली होती. हिनं ती पेटी उचलून माळ्यावर टाकली आणि सांगितलं, बाळंतिणीला प्रवास नको, पुढचं पुढे बघू. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हिचा संबंध नाही असं मी समजत होतो. लेक म्हणाली, "राहू दे मग तुमच्याकडेच. मी येत जाईन." जेवायला त्या दिवशी आम्हाला दीड तास लागला.

सोमवारी तपासणीसाठी आम्ही तिघं, मामी धरून चौघं, पशुचिकित्सालयात गेलो. मला पाहताच कारकुनांनी चष्मा खाली घेतला आणि एक कोरा अर्ज पुढे सरकवला. लेक भरायला लागली. प्रकार, रंग, शिंगे. मग तिचं पेन थांबलं. तिनं तो रकाना मोठ्यानं वाचला. छापील 'पायांची संख्या' याच्यापुढे रबरी शिक्क्यानं, निळ्या शाईत, जरा तिरका पण ठसठशीत उमटला होता मजकूर: 'नसल्यास निरंक लिहावे'.

छत्तीस वर्षांत माझ्या शब्दानं सरकारच्या कुठल्याही कागदावर एक टिंबसुद्धा बदललं नव्हतं.

"बाबा, हे तुमच्यामुळे?" लेकीनं विचारलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखी फक्त एक शेळी होती. हिनं मात्र मागच्या रांगेला वळून सांगितलं, "यांच्यामुळे." कारकुनांनी संमतीदर्शक मान हलवली.

लेकीनं निरंक लिहिलं, अगदी माझ्यासारखं, रेषा न सोडता. पुढचा रकाना लांबीचा होता. तिनं १३४ चा एक आकडा लिहिलाही होता. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब," मी म्हणालो. "जुन्या मापावर लिहू नये." आणि खिशातून दोरा काढला.